दुपारी तीनला पुसलं जाणारं सराव-खातं: क्लिनिक सॉफ्टवेअरच्या ऑनलाइन ट्रेनिंगचा आठ महिन्यांचा अनुभव

काही महिन्यांपूर्वी आमच्या क्लिनिकमध्ये दोन वेगळ्या पेशंटच्या फायली एक झाल्या. नाव तेच, जन्मतारीख तीच, माणसं मात्र दोन. एकीला पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी, दुसरीला नाही. एकाच पेशंटच्या चुकून झालेल्या दोन फायली जोडण्याला सॉफ्टवेअरमध्ये मर्ज म्हणतात. इथे मर्ज झाल्यावर दोघींची औषधं, वजन, जुनी बिलं, सगळं एकाच पानावर आलं. ज्या बाईंना अ‍ॅलर्जी नव्हती त्या तपासायला आल्या आणि डॉक्टरांनी अ‍ॅलर्जीचं विचारल्यावर म्हणाल्या, "मी तर अ‍ॅमॉक्सिसिलिन कितीदा घेतलंय." अ‍ॅमॉक्सिसिलिन पेनिसिलिनच्याच गटातलं. डॉक्टरांनी हातातलं काम थांबवलं, फाइल वरपासून वाचली आणि घोळ सापडला. मर्ज करताना चुकून दुसऱ्या बाईंची अ‍ॅलर्जीची नोंद गळाली असती तर काय झालं असतं, या विचारानं अजून पोटात गोळा येतो.

मर्ज केलं होतं आमच्या रिसेप्शनवरच्या ताईंनी. त्या कामाला चोख आहेत. ट्रेनिंगच्या पानावर त्यांच्या नावापुढे 'पूर्ण, १०० टक्के' अशी हिरवी खूण आहे. मर्जचा व्हिडिओ त्यांनी दोनदा पाहिला होता. मग चुकलं कुठे, याचा मी आठवडाभर शोध घेतला आणि त्यातून जे हाती आलं ते लिहिते आहे. अशा सॉफ्टवेअरमध्ये काय असतं ते वाचणाऱ्यांना माहीत असेलच: अपॉइंटमेंट, नोंदणी, बिलिंग, रिकॉल (पेशंटला पुन्हा तपासणीला बोलावणं), दिवसअखेरचा हिशेब. मला बोलायचंय ते स्टाफला हे सगळं ऑनलाइन शिकवण्याबद्दल. कंपनीचं नाव देत नाही, कारण तक्रार अजून मिटलेली नाही.

आमच्याकडे दोन डॉक्टर आणि सहा जणांचा स्टाफ. क्लिनिकचं व्यवस्थापन माझ्याकडे. ट्रेनिंगचं पॅकेज माणशी आकारणीचं होतं. त्यात रेकॉर्ड केलेले व्हिडिओ, तीन लाइव्ह सत्रं आणि एक सराव-खातं. सराव-खातं म्हणजे सॉफ्टवेअरची हुबेहूब प्रत, फक्त पेशंट खोटे. दुसऱ्याच महिन्यात बिलिंग बघणारा मुलगा नोकरी सोडून गेला. त्याच्या जागी आलेल्या मुलीला त्याची उरलेली जागा द्या म्हटलं, तर उत्तर आलं की जागा माणसाच्या नावावर असते, बदलत नाही, नवीन घ्या. क्लिनिकमध्ये माणसं येत-जात राहतात हे क्लिनिकसाठीच सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना ठाऊक नसावं, याचा मला मनापासून राग आला. एकाच खुर्चीचे पैसे दोनदा भरले. तेव्हापासून यांच्याकडून येणारं प्रत्येक बिल मी दोनदा वाचते.

लाइव्ह सत्रांबद्दल थोडक्यात. पहिलं सत्र आम्ही सगळ्यांनी एका लॅपटॉपभोवती खुर्च्या लावून केलं. शिकवणारी मुलगी चांगली होती, न चिडता परत परत सांगायची. पण ज्याच्या हातात माउस, तोच शिकला. बाकी पाच जणांनी मान डोलावली. दुसऱ्या सत्राला प्रत्येकाला वेगळ्या मशीनवर बसवलं, आणि आधीच्या वेळी गप्प बसलेल्या सिस्टरांनी तासाभरात अकरा प्रश्न विचारले. त्यांतले निम्मे मलाही सुचले नव्हते.

व्हिडिओ नीट बनवलेत, छोटे आहेत. पण चौथ्या महिन्यात सॉफ्टवेअर अपडेट झालं, बिल रद्द करायचं बटण वरून खाली आलं, आणि व्हिडिओत ते आजही वरच आहे. शिवाय तुमच्या नावापुढची ती हिरवी खूण फक्त एवढंच सांगते की व्हिडिओ शेवटपर्यंत चालला. समोरच्या माणसाला काम येतं की नाही, हे ती सांगू शकत नाही. मी आठ महिन्यांपूर्वी त्या खुणेवर विश्वास ठेवला. ती माझी चूक.

आता सराव-खात्याकडे येते. आठ महिन्यांत माझं सगळ्यात जास्त डोकं यानं खाल्लं. हे खातं रोज एकदा पूर्ण पुसलं जातं आणि पुन्हा पहिल्यासारखं होतं. तुम्ही घातलेले पेशंट, बिलं, अपॉइंटमेंट, सगळं जातं. कंपनीच्या सर्व्हरवर रात्री एका ठरलेल्या वेळी हे होतं. सर्व्हर दुसऱ्या कालपट्ट्यात आहे, त्यामुळे त्यांची ती वेळ म्हणजे आमच्याकडे दुपारचे तीन. सकाळी आणि संध्याकाळी आमच्याकडे मान वर करायला फुरसत नसते. सरावाला वेळ मिळतो तो दुपारी दोन ते चार. म्हणजे बरोबर मध्यावर, कसलीही सूचना न देता, स्क्रीन चमकते आणि तासाभराचं काम नाहीसं होतं.

पहिल्या दोन महिन्यांत हे किती वेळा झालं, मोजलं नाही. ताई तर एकदा रडवेल्या झाल्या. त्यांना वाटलं, आपल्याच हातून काहीतरी डिलीट झालं, आणि त्यांनी दोन दिवस कुणाला सांगितलंही नाही. ज्या जागी चुकायची भीती वाटू नये म्हणून सराव-खातं असतं, तिथेच भीती बसली.

आणि मर्जच्या घोळाचं मूळही इथेच निघालं. सराव-खात्यात वीस नमुना पेशंट आहेत. विसांची नावं वेगळी, जन्मतारखा वेगळ्या. डुप्लिकेट एकही नाही. म्हणजे मर्जचा सराव करायचा तर आधी स्वतः एकाच नावाचे दोन-तीन पेशंट नोंदवा, त्यांना औषधं घाला, बिलं घाला, आणि मग मर्ज करा. ताई हे सगळं दोनला सुरू करायच्या. मर्जच्या पायरीवर पोहोचेपर्यंत तीन वाजायचे. मी त्यांना शांतपणे विचारलं तेव्हा कळलं की त्यांनी सरावात एकदाही मर्ज पूर्ण केलेलं नव्हतं. पहिलं पूर्ण मर्ज केलं ते खऱ्या पेशंटवर.

आमचाही दोष आहे, तो लपवत नाही. पेशंटला जन्मतारीख नक्की माहीत नसली की रिसेप्शनवर अंदाजानं वर्ष धरून १ जानेवारी टाकायची सवय पडली होती. त्यामुळे १ जानेवारीला जन्मलेल्यांची आमच्याकडे भलीमोठी यादी झाली आणि जन्मतारखेवरून माणूस ओळखणं बंद पडलं. जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ साली रुग्णसुरक्षेसाठी जे उपाय सांगितले, त्यात रुग्णाची ओळख किमान दोन खुणांनी पटवावी असं आहे. आमच्या दोन खुणांपैकी एक आम्हीच पोकळ करून ठेवली होती. आता तारीख माहीत नसेल तर रकाना रिकामा ठेवतो आणि मर्जच्या आधी फोन नंबर आणि पत्ताही ताडतो.

फायली वेगळ्या करून घेताना जो त्रास झाला तो वेगळाच. आमच्या बाजूनं मर्ज उलटवता येत नाही, तिकीट टाकावं लागतं, म्हणजे कंपनीकडे लेखी तक्रार नोंदवावी लागते. पहिल्या उत्तरात त्यांनी मला मर्जच्या व्हिडिओची लिंक पाठवली. दुसऱ्या उत्तरात पुन्हा तीच. अ‍ॅलर्जीच्या नोंदीचा प्रश्न आहे, हे तिसऱ्यांदा ठळक अक्षरांत लिहिल्यावर माणसाचा फोन आला. काम व्हायला नऊ दिवस लागले. ते नऊ दिवस दोघींच्या कागदी फायली डॉक्टरांच्या टेबलावर होत्या, वर लाल पेननं सूचना.

एक गोष्ट मात्र त्यातून चांगली कळली. मर्ज कुणाच्या लॉगिननं झालं ते कंपनीनं लगेच सांगितलं, आणि तिथे नाव आलं 'रिसेप्शन'. आमच्याकडे तिघी एकच लॉगिन वापरत होत्या! सराव-खात्यातही सगळ्यांना एकच लॉगिन दिलेलं आहे, आणि तीच सवय खऱ्या कामात उतरली. ताई स्वतःहून पुढे आल्या म्हणून कळलं, नाहीतर कुणी काय केलं याची नोंद असूनही तिचा उपयोग नव्हता. त्या दिवसापासून प्रत्येकीचं लॉगिन वेगळं. ज्यांच्याकडे असं सॉफ्टवेअर आहे त्यांनी हे आजच तपासा, ट्रेनिंग नंतर.

पुसण्याची वेळ बदला म्हणून मी कंपनीला पाच मेल लिहिले. उत्तर एकच: सगळ्या ग्राहकांना एकच वेळ आहे. मग नाइलाजानं मी आमचं वेळापत्रक बदललं. सराव तीन वाजून पाच मिनिटांनी सुरू, वीस मिनिटांत संपवायचा, रोज एकच काम. सोमवारी नोंदणी, मंगळवारी बिल करून रद्द करणं, असं. व्हिडिओ लावायचा नाही, आधी आठवून करून बघायचं, अडलं तरच बघायचं.

आणि इथे माझं मत बदललं. खातं रोज कोरं होतं म्हणूनच प्रत्येकीला तेच काम पहिल्या पायरीपासून पुन्हा करावं लागलं, आणि ते हातात बसलं. जुनं अर्धवट काम समोर असतं तर तिथूनच पुढे गेल्या असत्या. एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं की शिकलेलं सुरुवातीलाच भराभर विसरलं जातं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात तर पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा धडा पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्यानं घेतली तेव्हा आठवून बघणारे पुढे गेले. आमच्याकडे व्हिडिओ दोनदा पाहिलेल्या ताई आणि बटणं रोज शोधून काढणाऱ्या ताई यांच्यात हाच फरक मी डोळ्यांनी पाहिला. म्हणजे रोज पुसणं चांगलं आहे. त्याची वेळ वाईट आहे, आणि न सांगता पुसणं तर अक्षम्य आहे.

बिलिंगच्या मुलीचं एक उदाहरण सांगते. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये निदानाचे कोड आयसीडी-१० चे, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीच्या दहाव्या आवृत्तीचे आहेत. त्यात उच्च रक्तदाबाचा कोड म्हणजे इंग्रजी अक्षर आय आणि पुढे १०. ती तिन्ही आकडे समजून ११० टाकायची आणि शोध रिकामा यायचा. व्हिडिओत कोड नुसता स्क्रीनवर दिसतो, कुणी उच्चारून सांगत नाही. सरावात तिसऱ्या दिवशी तिचं तिलाच उमगलं. आयसीडी-११ मध्ये हा गोंधळ होऊ नये म्हणून आय आणि ओ ही अक्षरंच कोडमध्ये वापरलेली नाहीत. ज्यांनी ते ठरवलं, त्यांनी टाइप करणाऱ्या माणसाचा विचार केला याचं मला फार बरं वाटलं.

मागच्या पंधरवड्यात एक सुखद धक्का बसला. तीनला दहा मिनिटं कमी असताना सराव-खात्यात वर पिवळी पट्टी आली: 'हे खातं १० मिनिटांत कोरं होईल.' पाच मेलांपैकी कुठला पोहोचला माहीत नाही, पण पोहोचला. मी लगेच आभाराचा मेल लिहिला, आणि त्यातच पुन्हा मागितलं की नमुना पेशंटमध्ये एकाच नावाच्या दोन जोड्या घाला, एक खरी डुप्लिकेट आणि एक फसवी. त्याला अजून उत्तर नाही.

वर्गणी एक वर्षासाठी वाढवली आहे. 'प्रगत ट्रेनिंग' नावाचं महाग पॅकेज घेतलं नाही, कारण त्यात जास्तीचे व्हिडिओच आहेत. सोमवारी रिसेप्शनवर नवीन मुलगी येते आहे. तिला शिकवायला ताई बसणार आहेत, तीन वाजून पाच मिनिटांनी. पहिले दोन आठवडे खऱ्या खात्यात मर्जचा अधिकार तिच्या लॉगिनला दिलेला नाही, आणि सराव-खात्यात तीन वेळा पूर्ण मर्ज केल्याशिवाय ताई तो द्यायला सांगणार नाहीत.