होडीला चालेल, इन्व्हर्टरला नको: एका लिथियम बॅटरी पेटीविषयी

गुहागरला पावसाळ्यात वीज गेली की ती केव्हा येईल याचा नेम नसतो, म्हणून आमच्या घरगुती निवासासाठी रत्नागिरीच्या बाजारातून ही पेटी आणली. वर ठळक अक्षरांत ‘लिथियम’ एवढेच छापले आहे. आतले रसायन ओळखायचे तर तळाची बारीक पट्टी वाचावी लागते. तिच्यावर ११.१ व्होल्ट असा आकडा आहे आणि खरी मेख तिथेच आहे. ३.७ व्होल्टचे तीन सेल सिरीजमध्ये जोडले की ११.१ होतात, म्हणजे धनाग्र (सेलची धन बाजू) धातूच्या ऑक्साइडचा आहे, बहुधा निकेल, मँगनीज आणि कोबाल्ट यांचा. लिथियम बॅटरीच्याच दुसऱ्या प्रकारचे, म्हणजे लोह फॉस्फेटचे, चार सेल असते तर १२.८ दिसले असते.

वजनाबाबत मात्र तक्रारीला जागा नाही. तेवढीच वीज साठवणारी शिशाची बॅटरी उचलताना कंबर धरते, ही एका हाताने होडीत चढवता येते. हा गुण ऑक्साइडच्या थरांचा आहे, कारण त्या थरांमधून लिथियम सहज आत-बाहेर करू शकते. लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचे हे वैशिष्ट्य शास्त्रज्ञ जॉन गुडइनफ यांच्या गटाने ऑक्सफर्डमध्ये १९८० साली दाखवले, १९९१ मध्ये सोनीने अशी बॅटरी बाजारात आणली आणि पुढे महागड्या कोबाल्टचा बराचसा वाटा निकेल व मँगनीज यांनी उचलला.

परंतु थरांतून लिथियम प्रमाणाबाहेर काढले, म्हणजेच बॅटरी जास्त चार्ज केली, तर रचना ढासळते आणि तापल्यावर ऑक्साइडमधला ऑक्सिजन सुटून सेलमधल्या ज्वलनशील द्रावाला आगीसाठी आयताच मिळतो. फॉस्फेट मात्र आपला ऑक्सिजन घट्ट धरून ठेवते. ऑक्साइडच्या या धोक्यामुळे या पेटीची चार्जिंगची मर्यादा १२.६ व्होल्ट आहे, तर शिशाच्या बॅटरीसाठी बनवलेला इन्व्हर्टर १४ च्या पुढे जातो. तरीही दुकानदार निर्धास्तपणे म्हणाले, “काका, जुन्याच इन्व्हर्टरला लावा.” आतले बीएमएस (बॅटरीवर देखरेख ठेवणारे) सर्किट वेळीच प्रवाह तोडेल हे खरे, पण रोज त्याच्या भरवशावर राहणे मला पटत नाही. कौलांखालच्या तापलेल्या माळ्यावर ती पूर्ण चार्ज करून ठेवणेही टाळावे, कारण अशाने तिचे आयुष्य झपाट्याने घटते.

होडीवर दिवे लावणाऱ्यांनी स्वतंत्र चार्जरसह ही पेटी जरूर घ्यावी. घरासाठी मात्र १२.८ व्होल्टची मागावी. टर्मिनलचे स्क्रू साध्या लोखंडाचे असल्याने पहिल्याच पावसात गंजले, ग्रीस लावून भागवावे लागले, आणि हमीपत्रात खाऱ्या हवेने झालेले नुकसान स्पष्ट शब्दांत वगळलेले आहे.