चालक पडताळणी सेवा : कागदपत्रांत चोख, चाचणीत घाईची

आमच्या मालवाहतूक व्यवसायासाठी नवे ट्रकचालक निवडताना आम्ही वर्षभरापासून एका पडताळणी संस्थेची सेवा घेत आहोत. कागदपत्रांच्या कामात ही संस्था खरोखर चोख आहे. परवाना अवजड वाहनाचा आहे का आणि त्याची मुदत शिल्लक आहे का, एवढे पाहून ती थांबत नाही. मागच्या मालकांना फोन करून नोकरीच्या तारखा जुळवते आणि दोन नोकऱ्यांमध्ये सात-आठ महिन्यांची पोकळी दिसली, तर त्या काळात परवाना निलंबित होता का, याचीही चौकशी करते. दृष्टी, रक्तदाब व अमली पदार्थांची तपासणी अहवालात असतेच.

प्रत्यक्ष चाचणीबाबत मात्र माझी तक्रार आहे. ती पंधरा मिनिटांत, तीही रिकाम्या ट्रकवर उरकली जाते. वास्तविक भरलेल्या गाडीला थांबायला लागणारे अंतर आणि वळणावरचा तिचा कल हे सारेच वेगळे असते. 'उत्तम' शेरा मिळालेल्या एका चालकाने आमच्या आवारात ट्रेलर जोडला, पण जोडणी पक्की बसली की नाही हे खाली वाकून न पाहताच तो गाडी पुढे घेऊ लागला. आमच्या जुन्या चालकाने वेळीच हाक मारली म्हणून निभावले. तेव्हापासून एअर ब्रेकची गळती तपासण्यापासून आरशांत पाहून गाडी मागे घेण्यापर्यंतची सगळी परीक्षा आम्ही स्वतः, माल भरलेल्या गाडीवर घेतो. कागदपत्रांपुरती ही सेवा मी पुढेही घेईन. चाचणीचे वेगळे शुल्क मात्र आता भरणार नाही.