नायक कोण, हे ठरवताना: महाभारताची भांडारकर आवृत्ती

महाभारताचा खरा नायक कोण, हा वाद ज्यांना पाठाच्या आधारे घालायचा आहे, त्यांनी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे अनेक हस्तलिखिते ताडून सिद्ध केलेली आवृत्ती, हाताळलीच पाहिजे. 1919 मध्ये सुरू झालेले आणि संपादक वि. स. सुखटणकरांनी ज्याची पद्धत घालून दिली ते हे काम 1966 मध्ये पूर्ण झाले. पानाच्या वरच्या भागात स्वीकृत पाठ आणि खाली पाठभेद (इतर हस्तलिखितांतले वेगळे शब्द आणि श्लोक), ही मांडणी सुरुवातीला किचकट वाटते. पण खरी गंमत तळटीपांतच आहे.

मराठी वाचकाचे मन बहुधा कर्णाकडे झुकलेले असते. मात्र स्वयंवरात द्रौपदीने ‘सूतपुत्राला वरणार नाही’ असे म्हणून त्याला नाकारल्याचा प्रसंग येथे मूळ पाठात नाही, तो तळटीपेत गेला आहे. उलट घोषयात्रेत (कौरवांच्या वनातील गोधन पाहण्याच्या स्वारीत) गंधर्वांपुढे त्याने घेतलेली माघार पाठात कायम आहे. त्यामुळे त्याच्या बाजूने मांडला जाणारा एक हुकमी पुरावा ढिला पडतो. (कर्णप्रेमींना हे रुचणार नाही, याची कल्पना आहे.) शेवटच्या पर्वांत भावंडे आणि पत्नी मार्गात कोसळल्यावरही कुत्र्याला सोडून स्वर्गात जाण्यास नकार देणारा, आणि स्वर्गात दुर्योधनाला पाहून संतापणारा युधिष्ठिर मला नायकपदाच्या अधिक जवळचा वाटतो, द्यूतातील त्याचे वर्तन मात्र अक्षम्यच आहे.

या आवृत्तीत भाषांतर नसल्याने संस्कृत न येणाऱ्यांनी हे खंड विकत घेण्याऐवजी ग्रंथालयात पाहावेत.