फॉलो-अप सरकारीत की खासगीत? मला एका ओळीने ठरवायला लावलं

उपचार एकीकडे झाले, आता पुढची तपासणी दुसरीकडे न्यावी का, या विचारात असाल तर माझा अनुभव वाचा. माझं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन आणि नंतर केमोच्या १२ सायकल्स खासगीत झाल्या. सुरुवातीचा फॉलो-अपही तिथेच केला, मग सरकारी हॉस्पिटलात गेलो. दोन्हीकडचं पाणी प्यायलोय, इतकाच माझा अधिकार.

खासगीतलं सुख खोटं नाही. वेळ ठरवून मिळते, दर खेपेला तेच डॉक्टर समोर असतात आणि आपण दारातून आत येईपर्यंत त्यांना सगळं आठवलेलं असतं. सरकारीत रांग, आणि रांगेच्या शेवटी बहुतेक वेळा नवा रेसिडेंट (शिकाऊ डॉक्टर). तो "काय झालं होतं?" पासून सुरुवात करतो. पहिल्या खेपेला मी मनातल्या मनात परतही फिरलो होतो.

पण खासगीत असताना एका ओळीने मला छळलं. सीटी स्कॅन जिथे लवकर नंबर लागेल तिथे करून घ्यायचो आणि प्रत्येक रिपोर्टच्या शेवटी छापलेलं असायचं, "तुलनेसाठी जुना स्कॅन उपलब्ध नाही." अहो, जुनी सीडी मी स्वतः पिशवीतून नेलेली असायची! काउंटरवर ती ठेवून घेत आणि रिपोर्टबरोबर जशीच्या तशी परत देत. मग एकदा फुफ्फुसात ४ मिमीचा ठिपका दिसला. तो नवा की जुना, एवढाच प्रश्न होता आणि त्याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. "तीन महिन्यांनी परत बघू," हा डॉक्टरांचा सल्ला चुकीचा नव्हता, इतक्या लहान ठिपक्याचा सुईने तुकडा सहसा काढत नाहीत. पण आतड्याचा कॅन्सर यकृतात आणि फुफ्फुसात जाऊ शकतो हे आपल्याला पाठ असतं. ते तीन महिने कसे गेले ते लिहीत नाही. त्यातच डॉक्टरांनी हॉस्पिटल बदललं. आठवण त्यांच्याबरोबर गेली, फाइल मागे राहिली.

सरकारीत रेडिओलॉजी विभागाने सगळ्या सीडी एकदाच सिस्टिमवर चढवून घेतल्या. ऑपरेशनच्या आधीच्या स्कॅनमध्येही तो ठिपका तेवढाच होता. तिथला रेसिडेंट मला ओळखत नाही हे खरं, पण एका नंबरावर सगळं उघडतं आणि त्याच्यानंतर येणाराही तेच वाचतो. सगळीच सरकारी हॉस्पिटलं अशी असतील असं नाही, आणि ज्या खासगी हॉस्पिटलात ऑपरेशनपासून स्कॅनपर्यंत सगळं एकाच छताखाली होतं तिथे ही तक्रार कदाचित नसेलही.

बदलायचं ठरलं तर डिस्चार्ज समरीवर विसंबू नका. माझ्या समरीत नुसतं "१२ सायकल्स पूर्ण" होतं. हातापायांना मुंग्या यायला लागल्यावर शेवटच्या काही सायकल्समध्ये ऑक्झॅलिप्लॅटिन हे केमोचं औषध कमी केलं होतं, त्याचा उल्लेखच नाही. हे औषध एकूण किती गेलं यावर नसांचा त्रास अवलंबून असतो, म्हणून डोसचा तक्ता वेगळा मागून घेतला. रेडिएशन झालं असेल तर किती ग्रे (रेडिएशनच्या डोसचं माप), शरीराच्या कोणत्या भागाला, हेही लेखी हवं. त्याच जागी पुन्हा द्यायची वेळ आली तर पहिला प्रश्न तोच येतो. बायोप्सीचे मेणाचे ब्लॉक (काढलेला तुकडा ज्यात जपून ठेवतात ते) कुठे ठेवलेत तेही विचारा. पुढे जनुकीय चाचणी लागली तर ती बहुधा त्यांच्यावरच होते.

सीईएचं (आतड्याच्या कॅन्सरमध्ये रक्तात वाढू शकणारं एक प्रथिन) मी जरा विचित्र केलं. पहिली दोन वर्षं ही रक्ततपासणी दर तीन ते सहा महिन्यांनी असते, आणि वेगवेगळ्या लॅबच्या यंत्रांवरचे आकडे एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत. म्हणून बदलाच्या वेळी एकाच दिवशी दोन्हीकडे रक्त दिलं. जुन्या लॅबमध्ये २.१ आला, नव्या लॅबमध्ये ३.४. दोन्ही नॉर्मलच. पण तसं केलं नसतं तर त्या ३.४ ने माझे आणखी तीन महिने खाल्ले असते.