स्टँड ग्राउंड की अ‍ॅग्रेसिव्ह? एज ऑफ एम्पायर्स 2 या युद्धाच्या कॉम्प्युटर गेममधले दोन हुकूम

अ‍ॅग्रेसिव्हवरचं युनिट (सैनिक किंवा यंत्र) नजरेच्या टप्प्यात शत्रू दिसला की त्याच्यामागे धावतं. स्टँड ग्राउंडवरचं जागा सोडत नाही, माऱ्यात येईल त्यालाच मारतं.

घोडदळाला अ‍ॅग्रेसिव्हच ठेवा. स्टँड ग्राउंडवरचे नाइट, म्हणजे घोडेस्वार, लांबून येणारे बाण खात नुसते उभे राहतात.

तिरंदाजांचं उलट. अ‍ॅग्रेसिव्हवर ते एका पळत्या स्काउटमागे (टेहळ्या घोडेस्वारामागे) जातात आणि थेट शत्रूच्या कॅसलखाली सापडतात. त्यांना टेकडीवर चढवून मगच स्टँड ग्राउंड द्या. उंचावरून खाली मारलं की 25 टक्के जास्त इजा होते, खालून वर मारणाऱ्याची 25 टक्के कमी. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी राहणाऱ्याला उंचीचं मोल वेगळं सांगायला नको!

मँगोनेल या दगड फेकणाऱ्या यंत्राला मात्र स्टँड ग्राउंडही पुरत नाही. त्याचा दगड आपल्याच माणसांनाही लागतो. म्हणून दोन्ही फौजा भिडल्या की त्याला नो अटॅक (स्वतःहून मारा न करण्याचा हुकूम) द्या, आणि अटॅक ग्राउंडने (ठरावीक जागेवर मारा करण्याच्या हुकुमाने) शत्रूच्या मागच्या रांगेवर स्वतः नेम धरा. 160 लाकूड आणि 135 सोनं मोजून उभारलेलं यंत्र आपलीच आघाडी आडवी करतं, ते बघवत नाही.