पाल की एनटीएससी: चित्र कोणाचं सरस?

पाल आणि एनटीएससी या जुन्या अ‍ॅनालॉग टीव्हीवर रंगीत चित्र पाठवायच्या दोन पद्धती. अमेरिकेची एनटीएससी रंगीत पद्धत १९५३ची, युरोपात पाल आली १९६७ला. आपल्याकडे दूरदर्शन १९८२मध्ये रंगीत झालं ते पालवरच.

चित्राच्या आडव्या रेषा मोजल्या तर पाल सरळ पुढे: ६२५, त्यातल्या पडद्यावर सुमारे ५७६. एनटीएससीच्या ५२५, दिसतात सुमारे ४८०. मोठ्या पडद्यावर बारीक अक्षरं वाचताना हा फरक लगेच कळतो.

खरा फरक मात्र रंगाचा. दोन्हींत रंगाची छटा उपवाहक लहरीच्या (रंगाची माहिती वाहणाऱ्या लहरीच्या) फेजवर, म्हणजे ती लहर किती पुढे-मागे सरकलेली आहे त्यावर ठरते. वाटेत फेज सरकली की एनटीएससीत चेहरा हिरवट नाहीतर जांभळट दिसतो, म्हणून त्या संचांना ‘टिंट’चं बटण. पालमध्ये रंगाचा एक घटक एकाआड एक रेषेला उलटा पाठवतात. संचातली डिले लाइन (सिग्नल थोडा उशिरा पुढे सोडणारा भाग) आधीची रेषा ६४ मायक्रोसेकंद धरून ठेवते आणि दोन्हींची सरासरी काढते. चूक कटते, रंग फक्त थोडा फिका पडतो. २० अंशांच्या चुकीला जेमतेम ६ टक्के. उभ्या दिशेने रंग किंचित पसरतो, पण डोळ्याला ते जाणवत नाही. फारच सुंदर युक्ती आहे ही!

हालचालीत एनटीएससी वरचढ. सेकंदाला जवळपास ६० फील्ड (एकाआड एक रेषांची अर्धी चित्रं) असल्याने क्रिकेटचा चेंडू सलग सरकतो. पालच्या ५०मुळे पांढरं आकाश लुकलुकतं. सिनेमा मात्र पालवर ४ टक्के जास्त वेगाने पळतो, एनटीएससीत अडखळतो.

अमेरिकेहून आलेली व्हीएचएस कॅसेट निव्वळ पाल संचावर कृष्णधवल दिसते किंवा चित्र वरखाली फिरतं. त्यासाठी मल्टीसिस्टिम, म्हणजे दोन्ही पद्धती चालवणारे व्हीसीआर आणि टीव्ही दोन्ही लागतात.