लंडनचा संच दिल्लीहून आला

बाजारात न मिळणारे जुने पुस्तक मागवून देतो असे सांगून आगाऊ रक्कम घ्यायची, ग्राहकाला कित्येक आठवडे झुलवत ठेवायचे आणि शेवटी इंटरनेटवर फुकट उपलब्ध असलेल्या स्कॅनची छापील प्रत मूळ आवृत्ती म्हणून त्याच्या हाती ठेवायची, अशी फसवणूक नागपुरातील एका पुस्तकविक्रेत्याने माझ्याबाबतीत केली. प्रकरण ग्राहक आयोगापुढे असल्यामुळे दुकानाचे नाव येथे देत नाही. मात्र पद्धत सविस्तर सांगणे आवश्यक वाटते, कारण स्थानिक इतिहासावर काम करणारी, जुनी पुस्तके शोधणारी माणसे या शहरात पुष्कळ आहेत.

मला हवा होता तो रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील चार खंडांचा इंग्रजी ग्रंथ. तो १९१६ मध्ये लंडनच्या मॅकमिलन कंपनीने प्रसिद्ध केला. नागपूर ही तेव्हा त्या प्रांताची राजधानी होती. ग्रंथ वसाहतकाळातील अधिकाऱ्यांनी लिहिलेला असल्यामुळे त्यातील मते पारखूनच घ्यावी लागतात. तरीही विणकर समाजांविषयी मी जी टिपणे करते आहे, त्यांसाठी तो टाळता येत नाही. त्याचा मजकूर इंटरनेट अर्काइव्ह आणि प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळांवर विनामूल्य वाचता येतो आणि तो मी वाचलेलाही होता. मूळ प्रत हवी होती ती त्यातील छायाचित्रांसाठी, कारण वेशभूषेचे आणि अवजारांचे जे बारकावे मला पाहायचे होते, ते संगणकावरील स्कॅनमध्ये दिसत नाहीत. ही गोष्ट मी दुकानदारांना पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितली होती.

त्यांनी दोन दिवसांनी फोन करून सांगितले की, लंडनच्या एका जुन्या पुस्तकांच्या व्यापाऱ्याकडे पूर्ण संच आहे, किंमत २६,००० रुपये पडेल आणि निम्मी रक्कम आगाऊ द्यावी लागेल. दुर्मीळ पुस्तकासाठी आगाऊ रक्कम मागण्यात गैर काही नाही. ग्राहकाने ऐनवेळी नकार दिला तर असे पुस्तक दुकानात पडून राहते, हे मान्यच करायला हवे. मी १३,००० रुपये भरले. पावतीवर आवृत्तीचा उल्लेख करावा, असा आग्रह धरला तेव्हा, "ताई, आमच्या कॉम्प्युटरमध्ये तेवढं येत नाही, मी तुम्हाला व्हॉट्सअॅपवर लिहून देतो ना," असे उत्तर मिळाले. पावतीवर आले ते फक्त "पुस्तके, ४ नग". व्हॉट्सअॅपवर मात्र "ओरिजिनल १९१६, मॅकमिलन, चारही खंड, फोटोसहित" असा संदेश आला, आणि आज तोच माझा सर्वांत भक्कम पुरावा आहे.

पुढे दर वेळी वेगळे कारण ऐकायला मिळू लागले. संच लंडनहून निघाला होता, मग तो मुंबईला कस्टममध्ये अडकला होता, मग १८ टक्के जीएसटी भरल्याशिवाय सुटणार नव्हता. ती रक्कम ४,६८० रुपये होत होती आणि ती न भरल्यास पार्सल परत जाऊन आगाऊ रक्कमही बुडेल, असे सांगण्यात आल्यामुळे भरावी लागली. प्रत्यक्षात छापील पुस्तकांवरील जीएसटीचा दर शून्य आहे. आयात केलेल्या छापील पुस्तकांवर २०१९ च्या अर्थसंकल्पात ५ टक्के सीमाशुल्क लावण्यात आले, परंतु ते शुल्क वेगळे आणि ते भरल्याचा कागद असतो. मी तो कागद वारंवार मागितला, तो अखेरपर्यंत मिळाला नाही.

संशय पक्का झाला तो पार्सलच्या क्रमांकामुळे. आंतरराष्ट्रीय टपालाच्या क्रमांकात आरंभी दोन अक्षरे, मध्ये नऊ अंक आणि शेवटी पुन्हा दोन अक्षरे असतात. ही शेवटची दोन अक्षरे पार्सल ज्या देशातून निघाले त्या देशाची असतात. ब्रिटनमधून निघालेल्या पार्सलच्या शेवटी 'जीबी' असायला हवे. मला कळवलेल्या क्रमांकाच्या शेवटी 'आयएन', म्हणजे भारत होते, आणि टपाल खात्याच्या संकेतस्थळावर तो टाकताच पार्सल दिल्लीत बुक झाल्याची नोंद समोर आली. याविषयी विचारले असता, लंडनच्या व्यापाऱ्याने दिल्लीच्या एजंटामार्फत माल पाठवला, असे सांगण्यात आले.

उरलेली रक्कम देण्याआधी दुकानातच, त्यांच्यासमोर चारही खंड उघडून पाहीन, असे मी ठामपणे सांगितले. बांधणी नव्या कापडाची आणि कागद पांढराशुभ्र होता. शीर्षकपृष्ठावर मॅकमिलनचे नाव आणि १९१६ हे साल होते, आणि दुकानदार त्याच सालावर पुन्हा पुन्हा बोट ठेवत होते. त्याच पानावर एका परदेशी ग्रंथालयाचा गोल शिक्का होता, पण तो अक्षरांच्याच काळ्या शाईत, अक्षरांबरोबर छापून आलेला होता. दुसऱ्या खंडातील एका पानाच्या कोपऱ्यात स्कॅन करणाऱ्याच्या अंगठ्याची करडी सावली उमटली होती. काही पानांवर ओळींची शेवटची अक्षरे शिवणीत गेली होती. आणि ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप केला ती छायाचित्रे इतकी काळवंडली होती की, माणसाने डोक्याला काय बांधले आहे हेही ओळखता येत नव्हते. मागच्या कव्हरवर तळाशी एक काळी पट्टी चिकटवलेली होती. ती मी नखाने सोलली, तर खाली बारकोड आणि ९७८ ने सुरू होणारा तेरा अंकी आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, निघाला. आयएसबीएन ही पद्धतच १९७० च्या सुमारास सुरू झाली आणि तेरा अंकी क्रमांक २००७ पासून आला; १९१६ च्या पुस्तकावर तो असणे शक्यच नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. या ग्रंथाचे पुनर्मुद्रण करणे बेकायदेशीर नाही. रसेल १९१५ मध्ये आणि हिरालाल १९३४ मध्ये वारले, आणि आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. पुनर्मुद्रण म्हणून, वाजवी किमतीला कोणी हा संच विकला तर माझी काहीही तक्रार नाही; अशा प्रतींमुळे अनेकांची सोय होते. मात्र क्रमांक झाकणारी पट्टी चुकून चिकटत नाही, ती चारही खंडांवर होती, आणि म्हणून मी याला गैरसमज म्हणायला तयार नाही.

उरलेले पैसे मी दिले नाहीत. पावतीवरच्या "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" या शिक्क्याकडे बोट दाखवून दुकानदारांनी आगाऊ रक्कम परत करण्यास नकार दिला. अशा शिक्क्याला बिचकण्याचे कारण नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार मालाविषयी खोटी माहिती देणे ही अनुचित व्यापार प्रथा आहे, आणि सदोष माल परत घेण्यास नकार देणे हेसुद्धा तिच्यातच मोडते. १९१५ या क्रमांकाच्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मी तक्रार नोंदवली, तेव्हा जीएसटीच्या नावाखाली घेतलेले ४,६८० रुपये लगेच परत आले. न लागणाऱ्या कराची वसुली अंगाशी येईल, हे त्यांना कळले असावे. १३,००० रुपयांसाठी मात्र जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे लागले. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तेथे शुल्क नाही, घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि ग्राहक जेथे राहतो तेथील आयोगाकडेही ती दाखल होऊ शकते.

दुर्मीळ पुस्तकाची मागणी नोंदवताना प्रकाशक, साल, खंडांची संख्या आणि "मूळ" की "पुनर्मुद्रण" हे पावतीवरच लिहून घ्यावे, आणि दुकानदार टाळाटाळ करत असेल तर निदान संदेशात तरी घ्यावे. पैसे देण्याआधी शीर्षकपृष्ठाचा, त्यामागील पानाचा आणि मागच्या कव्हरचा फोटो मागावा. ज्याच्याकडे खरोखर पुस्तक आहे, त्याला हे फोटो पाठवायला पाच मिनिटेही लागत नाहीत. ज्यांनी नागपुरात अलीकडे असा "ओरिजिनल" संच घेतला असेल, त्यांनी मागच्या कव्हरवर पट्टी आहे का ते पाहावे, असल्यास सोलण्यापूर्वी आणि सोलल्यानंतर तिचे फोटो काढावेत, आणि दोन वर्षांची मुदत उलटण्यापूर्वी तक्रार दाखल करावी.